फॉसेट मास्तरांचं मैदान

अँब्रोज फॉसेटला इंग्लंडच्या संघातून खेळायचं बोलावणं आलं, तेव्हा तो बापाच्या दुकानात बसून एका खोगिराला मेण चोळत होता. थॉर्नबेक हे यॉर्कशरच्या डोंगरात दडलेलं गाव. तिथे कुणाला पत्र येणं हीच बातमी असायची, आणि हे तर लंडनहून आलेलं. पोस्टमन ते हातात देऊन दारातच उभा राहिला, पाकीट उघडेपर्यंत हलला नाही. अँब्रोजने पत्र वाचून बापाकडे दिलं. जेबेझ फॉसेटने चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "बूट ते देणार, का आपले न्यायचे?"

बूट आपलेच न्यायचे होते.

राणी विधवा होऊन दहा-बारा वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. रग्बीचा खेळ तेव्हा आजच्यासारखा नव्हता. एकेका बाजूला वीस-वीस माणसं. चेंडू म्हणजे डुकराच्या फुगवलेल्या मूत्राशयावर चढवलेलं कातडं. तो एकदा त्या चाळीस जणांच्या पायांत गेला की दहा-दहा मिनिटं दिसायचा नाही. माणसं नुसती खाली माना घालून एकमेकांना रेटत, वाफा सोडत उभी. रेषेपलीकडे नेऊन चेंडू टेकवला तरी त्याला मोल नव्हतं. तिथून मागे येऊन लाथेने तो दोन खांबांमधल्या आडव्या दांडीवरून घालवला तरच गोल धरायचे. अँब्रोज बावीस वर्षांचा होता, शिष्यवृत्तीवर केंब्रिजला शिकून नुकताच परतलेला, रुंद छातीचा, आणि रेटणाऱ्यांतला. स्कॉटलंडविरुद्धच्या त्या सामन्यात उत्तरार्धात कुणाचा तरी गुडघा त्याच्या डाव्या कानावर बसला. तो पडला, उठला आणि पुन्हा रेटायला लागला. कानात किटलीला आधण आल्यासारखी शिटी वाजत होती. ती वाजत असतानाच खेळ संपला. गोल कुणाचाच झाला नाही.

घरी परतला तेव्हा बापाने हातातला टाका न सोडता विचारलं, "जिंकलं कोण?"

"कुणीच नाही."

"मग एवढ्या लांब कशाला गेलास?"

अँब्रोजला पुन्हा कधी बोलावणं आलं नाही. त्याच्या आयुष्यातला तो एकच सामना. कान मात्र सुजून आधी निळा झाला, मग कडक झाला आणि शेवटी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा कायमचा वेडावाकडा राहिला.

त्या एका सामन्यावर त्याला नोकरी मिळाली. गावापासून पंधरा मैलांवर एक जुनी शाळा होती. तिचे मुख्याध्यापक रेव्हरंड स्केल्टन यांनी अर्जातली पदवी वाचली की नाही कोण जाणे, पण कान बघितला आणि हात पुढे केला. तेव्हापासून तो फॉसेट मास्तर झाला, आणि आता आपणही त्यांना तसंच म्हणायला हवं. ते लॅटिन आणि गणित शिकवत. शिकवत चांगलं; भूमितीचं प्रमेय ते फळ्यावर असं उलगडून दाखवत की मठ्ठ पोरालाही वाटावं, हे आपल्यालाच सुचलं. पण शाळेत कुणी पाहुणा आला की स्केल्टन साहेब त्यांना वर्गातून बाहेर बोलावून घेत आणि म्हणत, "हे आमचे फॉसेट. इंग्लंडकडून खेळलेले." पाहुणा आधी हात हातात घेई आणि मग डोळे कानाकडे वळवी. प्रमेयाबद्दल कधी कुणी विचारलं नाही.

तिथेच त्यांचं लग्न झालं. फीबी ही चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्याची मुलगी, आणि वडील थकल्यावर ती स्वतःच वाजवायला बसू लागली. बुटकी, चटपटीत, बोलण्यात कुणाला हार न जाणारी. मूलबाळ झालं नाही. दोघांनी त्याबद्दल पहिल्या दहा वर्षांत पुष्कळ बोलून घेतलं, नंतर बोलले नाहीत.

ऐकू येणं गेलं ते एका दिवसात गेलं नाही. डावा कान त्या सामन्यानंतर हळूहळू विझत गेला. तिशीत त्यांना मोठा ताप आला, आणि तो उतरला तेव्हा उजव्यानेही साथ सोडायला सुरुवात केली. आधी माळावरच्या पक्ष्यांची शीळ गेली. मग घड्याळाची टिकटिक. मग एका रविवारी चर्चमध्ये बसले असताना त्यांना दिसलं की फीबीचे पाय पट्ट्यांवर नाचताहेत, हात धावताहेत, आणि वरचे सूर येतच नाहीत. नुसती बाकाच्या लाकडातून घरघर चढतेय. घरी येऊन ते म्हणाले, "आज फार छान वाजवलंस." फीबी त्यांच्याकडे बघत राहिली. वाजवताना तिच्याकडून मधली एक पूर्ण ओळ चुकली होती आणि सगळं चर्च वळून बघत होतं.

त्या दुपारी तिने विषय काढला, आणि त्यांनी कबूल केलं. मग ती रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर दिव्याशी बसून आवाज न काढता वर्तमानपत्र वाचू लागली. ते तिचे ओठ बघून शब्द सांगत. पॅट, बॅट, मॅट हे तिन्ही शब्द ओठांवर एकच दिसतात. अशा वेळी मागचा-पुढचा अर्थ धरून ठोकताळा बांधायचा. दोन-तीन वर्षांत ते इतके तयार झाले की शाळेत कुणाला पत्ता लागला नाही. फक्त भरघोस मिशांची माणसं त्यांना आवडेनाशी झाली, त्यातही शिक्षण खात्याचा एक दाढीवाला तपासनीस.

पण मोठ्यांना फसवता येतं तसं पोरांना फसवता येत नाही. वर्गाला पाठ करून फळ्यावर लिहिताना मास्तरांना काही ऐकू येत नाही, हे आधी कुणाच्या तरी लक्षात आलं. मग पाठांतराच्या वेळी मान खाली घातली तरी ते चालवून घेतात, हे लक्षात आलं. एका वसंतात तर पोरांनी कहरच केला. उतारा म्हणायला उभं राहायचं, मान खाली घालायची आणि लॅटिनच्या चालीवर मासळीवाल्याच्या पाटीवरची नावं म्हणायची: हेरिंगुस, किपरुस, हॅडोकम. मास्तर लय बघत, हनुवटीची हालचाल बघत, मान डोलावत आणि म्हणत, "ठीक. पुढचा."

एके सकाळी स्केल्टन साहेब वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले आणि हे सगळं ऐकत राहिले. फॉसेट मास्तरांना ते दिसलेच नाहीत. पोरांचे चेहरे पांढरे पडलेले बघून ते वळले, आणि साहेबांच्या ओठांवरून त्यांनी तीनच शब्द वाचले: "माझ्या खोलीत या."

साहेब रागावले नाहीत. तेच जास्त लागलं. त्यांनी मास्तरांना खुर्ची दिली, शेरी दिली, सावकाश, तोंड मोठं उघडून बोलले. वर्ग दुसऱ्या कुणाला देऊ, म्हणाले. तुम्ही मैदान सांभाळा. शाळेला तुमचं नाव हवं आहे, तुम्ही कुठे जायचं कारण नाही. मास्तरांनी शेरीचा पेला न पिता खाली ठेवला. तेरा वर्षं आपण इथे शिकवत होतो असं आपल्याला वाटत होतं, आणि तेरा वर्षं आपण इथे कोनाड्यात मांडलेली वस्तू होतो, हे त्यांना त्या खोलीत बसून समजलं. त्यांनी राजीनामा लिहून दिला. दोन दिवस ते जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी फीबीने शिजवलेलं मटण समोर ठेवलं आणि म्हणाली, "हे टाकलंस तर मी कुत्र्याला घालीन. आणि आपल्याकडे कुत्रा नाही, म्हणजे आधी कुत्रा आणावा लागेल." तेव्हा ते जेवले.

जाहिरातही फीबीनेच शोधली. हॅल्डेल नावाच्या गिरण्यांच्या गावात मुक्या-बहिऱ्या मुलांची शाळा होती. तिथे ओठांवरून शिकवू शकणारा शिक्षक हवा होता. शाळेचे प्रमुख डॉ. प्रेस्टविच यांनी मुलाखतीत फॉसेट मास्तरांशी अर्धा तास गप्पा मारल्या आणि शेवटी उठून त्यांना जवळजवळ मिठीच मारली. ठार बहिरा माणूस, आणि स्वच्छ बोलतो, समोरच्याचे ओठ पुस्तकासारखे वाचतो! याहून मोठा पुरावा त्यांना कुठे मिळाला असता? त्या काळात सगळ्या युरोपातल्या विद्वानांनी ठरवलं होतं की बहिऱ्या मुलांना तोंडानेच बोलायला शिकवायचं, हातांची भाषा बंद. डॉक्टरांचा त्यावर धर्मासारखा विश्वास होता. महिन्याभरात देणगीदार बघायला आले तेव्हा मास्तरांना बाहेर बोलावण्यात आलं. "हे आमचे फॉसेट," डॉक्टर म्हणाले. "आमची पद्धत काय करू शकते याचं जिवंत उदाहरण." त्या पद्धतीचा आणि आपला काही संबंध नाही, हे सांगावंसं मास्तरांच्या मनात आलं, पण नवी नोकरी होती, त्यांनी देणगीदारांशी हात मिळवले.

आणि खरं सांगायचं तर त्यांचाही तेव्हा त्या पद्धतीवर विश्वास होता. आपल्याला जमलं, तर यांना का जमू नये? मुलं त्यांच्या गळ्यावर बोटं ठेवून आवाजाची थरथर चाचपत. ओठांसमोर पीस धरून प आणि ब मधला फरक शिकत. एक शब्द यायला महिना लागे. वर्गात मुलांनी हात मांडीखाली दाबून बसायचं, असा नियम होता. हात बाहेर निघाले तर पट्टी.

एनॉक सग्डेन हा तेरा वर्षांचा पोरगा. विणकराचा मुलगा, लाल केसांचा, सडपातळ. त्याचे हात मांडीखाली राहतच नसत. शेजाऱ्याकडे बघून ते आपोआप निघत आणि दोन क्षणांत काहीतरी सांगून परत जात, आणि शेजारी पोट धरून हसे. मास्तरांनी त्याला ताकीद दिली, मग पट्टी काढली. पोराने हात पुढे केला, मार खाल्ला आणि मांडीखाली घेतला. रडला नाही. असं चार वेळा झालं.

मुलांना भेटायला घरचे लोक महिन्यातून एकदा येत. त्या रविवारी मास्तर खिडकीशी उभे होते. खाली अंगणात एनॉकची आई आली. शालीतली, थकलेल्या चेहऱ्याची बाई. तिने टोपली खाली ठेवली आणि पोरापुढे हात उचलले. तीही बहिरी होती, हे मास्तरांना माहीत नव्हतं. दोघं बोलायला लागली. चार हात एकमेकांत घुसून निघत होते. कधी भुवई वर जाई, कधी खांदा पडे. ती काहीतरी सांगत होती, त्यात एक लठ्ठ माणूस होता, एक कोंबडी होती, एक पडणं होतं. पोरगा हसून हसून भिंतीला टेकला. मग ती गंभीर झाली, दोन लहानशा हालचाली केल्या, आणि पोराने मान खाली घातली. घरी कुणीतरी आजारी असावं, किंवा गेलं असावं. मास्तरांना कळेना. पाच-सहा वर्षं घासून कमावलेली ओठ वाचायची विद्या तिथे कवडीच्या कामाची नव्हती. त्या अंगणात बहिरे होते ते एकटेच.

आपण ज्यासाठी पोराला मारलं ती त्याची आईची भाषा होती. हे त्यांनी त्या संध्याकाळी फीबीला सांगितलं. ती त्यांच्यासमोर येऊन बसली. मग म्हणाली, "आता काय करणार आहेस?"

"माहीत नाही," ते म्हणाले. तेव्हा खरंच माहीत नव्हतं.

मैदानाचं त्यांनी ठरवून काही केलं नाही. शाळेमागे एक उतरती कुरणाची जागा होती. मोठी पोरं संध्याकाळी तिथे भांडत बसत. मास्तरांनी एक चेंडू आणला, दोन बाजूंना खांब पुरले. आता खेळ पंधरा-पंधरा जणांचा झाला होता आणि चेंडू टेकवण्यालाही गुण मिळत. शिटीचा उपयोग नव्हता, म्हणून त्यांनी पांढरा रुमाल उंच धरायची पद्धत ठेवली. पण चेंडू झेलायचा तर हात मांडीखाली ठेवून चालत नाही. हात मोकळे झाले आणि मैदान बोलायला लागलं. आधी मास्तरांनी बघून न बघितल्यासारखं केलं. मग लक्षात आलं की एनॉक मागे उभा राहून दोन बोटांनी जे करतो, त्यानंतर डावीकडची चार पोरं एकदम जागा बदलतात. मास्तरांनी हा खेळ लहानपणापासून खेळलेला. मैदानात कोण काय ओरडतं हे सगळ्यांना ऐकू जातं, विरुद्ध बाजूलाही. इथे वीस पावलांवरून पूर्ण बेत ठरत होता आणि समोरच्याला सुगावा लागत नव्हता.

एका संध्याकाळी त्यांनी एनॉकला थांबवून घेतलं आणि त्याच दोन बोटांची खूण करून भुवया उंचावल्या. म्हणजे काय?

पोरगा घाबरला. त्याने हात पाठीमागे नेले. मास्तर गवतात बसले, स्वतःचे हात मांडीखाली दाबले, मग बाहेर काढून त्याच्यापुढे धरले. एनॉकला ते कळलं. तो समोर बसला.

तिथून शिकणं सुरू झालं. मास्तरांची बोटं जाड, रेटण्यासाठी घडलेली. पोरं त्यांच्या हातांना हसत. अडीच महिन्यांनी त्यांना एक सरळ वाक्य करता आलं. तेव्हाच त्यांना कळलं की पोरांमध्ये आपलं नाव पहिल्या आठवड्यापासून ठरलेलं आहे: डाव्या कानाशी मूठ नेऊन पिळायची. वाक्यं जमायला लागल्यावर त्यांनी एनॉकला पट्टीबद्दल विचारलं. मी मारलं ते चुकलं, असं सांगायचा प्रयत्न केला. एनॉकने खांदे उडवले आणि हातांनी म्हणाला, "चार वेळा. पहिल्यांदा उजव्यावर, मग तिन्ही वेळा डाव्यावर. डाव्यावर तुमचा नेम चांगला नाही."

तीन वर्षं हे असं चाललं. वर्गात ओठ, मैदानावर हात. फीबीही शिकली, आणि ती मास्तरांपेक्षा लवकर शिकली. ऑर्गनवाल्या बोटांचा हा फायदा. डॉ. प्रेस्टविच कुरणाकडे फिरकत नसत. त्यांना खेळात रस नव्हता, आणि मुलं तंदुरुस्त दिसत होती एवढं त्यांना पुरत होतं.

मग गिरणीतल्या उमेदवार कामगारांच्या संघाबरोबर सामना ठरला. गिरणीची पोरं अंगाने दणकट, आणि बहिऱ्यांशी खेळायचं म्हणून आधीच हसत आलेली. नेमके त्या दिवशी देणगीदार आले होते. डॉक्टर त्यांना घेऊन मैदानाच्या कडेला उभे राहिले. पहिला अर्धा भाग गिरणीवाल्यांनी रेटून काढला. दुसऱ्यात एनॉकने, आता सोळा वर्षांचा, हात उचलला आणि पोरं जाळ्यासारखी पसरली. चेंडू कुठे जाणार हे गिरणीवाल्यांना कळायच्या आत तो तिथे गेलेला असे. शाळेने सामना जिंकला. देणगीदारांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यांच्यातल्या एका वयस्क बाईंनी कौतुकाने डॉक्टरांना विचारलं, "मुलं सारखी हातांनी काय करतात हो? किती गोड दिसतं."

डॉक्टरांचा चेहरा मास्तरांनी लांबूनच वाचला. ओठ मिटलेले होते तरी वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावणं आलं. डॉक्टर उजेडाकडे तोंड करून बसले, मास्तरांना दिसावं म्हणून. एवढं सौजन्य त्यांनी रागातही पाळलं.

"किती दिवस चाललंय हे?"

"तीन वर्षं."

"आणि तुम्हाला ती भाषा येते?"

"थोडी. पोरांना माझं हसू येतं."

डॉक्टर उठून येरझारा घालायला लागले, मग आठवण होऊन पुन्हा बसले. "फॉसेट, तुम्हाला वाटतं मी दुष्ट आहे. या मुलाला उद्या गिरणीत जायचंय. तिथला मुकादम हातांची भाषा शिकणार आहे का? पोरगा तोंडाने 'पाणी' एवढं जरी म्हणाला, तर जग त्याला पाणी देईल. हात हलवले तर माकड म्हणेल. मी ते बघितलंय. माझ्या सख्ख्या भावाला म्हणताना बघितलंय."

डॉक्टरांना बहिरा भाऊ होता, हे मास्तरांना त्या दिवशी कळलं. 

"मी ओठ वाचतो ते निम्मं अंदाजाने," ते म्हणाले. "अंदाज बांधायला भाषा आधी यावी लागते. मला ती आईच्या मांडीवर मिळाली होती. या पोरांना आपण सांगतो, अंदाज करा. कशाच्या जोरावर करायचा? त्यांच्याजवळ जी भाषा आहे ती आपण मांडीखाली दाबायला लावतो."

"म्हणजे शिकवायचंच नाही बोलायला?"

"शिकवा. पण हात सोडा."

"दोन्ही एकदम होत नाही. सोपं असेल ते मूल घेतं, अवघड टाकतं."

मुकादमाच्या मुद्द्याला मास्तरांकडे उत्तर नव्हतं. पुढेही कधी मिळालं नाही, आणि तसं ते प्रामाणिकपणे सांगत. डॉक्टरांनी त्यांना काढून टाकलं नाही. वर्ग काढून घेतला. सुतारकामाची शेड आणि मैदान, एवढंच तुमच्याकडे, म्हणाले. वर्गाच्या दारातून आत पाऊल टाकायचं नाही. मैदानावर काय होतं ते मी बघायला येणार नाही. शेवटचं वाक्य त्यांनी तोंड फिरवून म्हटलं. पण समोरच्या काचेच्या कपाटात त्यांचे ओठ दिसत होते, आणि डॉक्टरांना ते ठाऊक असावं असं मास्तरांना नेहमी वाटत आलं.

घरी येऊन सांगितल्यावर फीबी आधी गंभीर झाली आणि मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "स्केल्टन साहेबांनी तुला हेच देऊ केलं होतं," ती म्हणाली. "मैदान सांभाळा. तेव्हा दोन दिवस जेवला नाहीस."

"आज काय केलंयस?"

"वाटाण्याचं सार."

ते जेवले, आणि पुन्हा वाढून घेतलं.

त्यानंतरची वीस वर्षं त्यांनी त्या कुरणावर आणि शेडमध्ये काढली. करवतीचा भुसा जमिनीवर पसरून त्यात बोटाने ते प्रमेयं काढत आणि हातांनी उलगडून सांगत. पावसाळी दिवसांत पोरं फळ्यांवर बसून विचारत: राजा कसा निवडतात, समुद्र खारट का, मेल्यावर बहिऱ्यांना ऐकू येतं का. वर्गात महिनाभर एका शब्दासाठी झगडणारी पोरं तासाभरात पन्नास प्रश्न विचारत. सगळ्यांचं भलं झालं असं नाही. काही पोरं गिरणीत गेली आणि तिथे मुकादमाच्या शिव्या खात जगली. त्यांना ना बोलता आलं धड, ना हातांना विचारणारं कुणी भेटलं. एक पोरगा तोंडाने फार छान बोलायला शिकला, बँकेत लागला, आणि रस्त्यात मास्तर भेटले तर हात खिशात घालून दुसरीकडे बघायचा. मास्तरांना त्याचा राग येत नसे. डॉक्टरांची बाजूही खरी होती, असं ते फीबीला म्हणत.

एनॉक चांभारकाम शिकला. लीड्समध्ये बुटांचं दुकान टाकलं. तिथल्या बहिऱ्यांच्या प्रार्थनागृहात त्याला एक शिवणकाम करणारी मुलगी भेटली, मर्सी नावाची, तीही बहिरी. लग्नात वचनं तोंडाने म्हणावी लागतील, या विचाराने एनॉकची झोप उडाली होती. त्याचा आवाज ऐकून लोक हसतात, हे त्याला न ऐकताही माहीत होतं. त्याने मास्तरांना पत्र लिहिलं. मास्तर आणि फीबी दोघं आगगाडीने गेली, आणि मास्तर जाऊन पाद्र्यांना भेटले. पाद्री तरुण होते. त्यांनी जुनी वही चाळली आणि म्हणाले, हातांनी वचन देण्याला चर्चची तीनशे वर्षांपासून मुभा आहे, फक्त मला कळायला हवं.

मग अशी रचना झाली. पाद्री बोलत. फीबी त्यांच्या शेजारी उभी राहून तेच शब्द आवाज न करता, ओठांनी मास्तरांना देई, कारण पाद्र्यांची मान पुस्तकात खाली असे. मास्तर ते हातांनी वधूवरांपुढे ठेवत. एनॉक हातांनी उत्तर देई, आणि मास्तर ते मोठ्याने म्हणत, आपला आवाज किती चढलाय याचा अंदाज नसल्यामुळे जरा जास्तच मोठ्याने. "होय, मी घेतो," हे शब्द लीड्सच्या त्या चर्चमध्ये असे घुमले की बाहेरच्या रस्त्यावर एक घोडा बुजला. फीबीने ते त्यांना नंतर सांगितलं. त्या वेळी त्यांना एवढंच दिसलं की मागच्या बाकांपाशी एनॉकची आई, आता पांढऱ्या केसांची, उभी आहे, आणि तिने एकही शब्द हुकू दिला नाही.

साठी उलटल्यावर मास्तरांनी काम सोडलं आणि दोघं व्हिटबीजवळ समुद्राकाठी एका छोट्या घरात राहायला गेली. फीबीने कोंबड्या पाळल्या. मास्तर एक वही लिहायला बसले. हॅल्डेलच्या पोरांनी आपणहून घडवलेल्या खुणा, साडेचारशेच्या वर. हाताची हालचाल शब्दांत पकडणं फार कठीण असतं. 'उजव्या हाताचं पहिलं बोट हनुवटीला लावून पुढे सोडावं, घाईने नव्हे,' अशी वाक्यं ते लिहीत, खोडत, फीबीला करून दाखवायला सांगत, आणि तिने भलतंच काही केलं की पुन्हा खोडत. चित्रं एनॉकने काढून पाठवली. वही छापायला दोन ठिकाणी पाठवली होती. दोन्हीकडून परत आली.

मास्तर एका मार्च महिन्यात, सकाळी, कोंबड्यांना दाणे टाकून आत येत असताना गेले. यॉर्कच्या वर्तमानपत्राने चार ओळी छापल्या: एके काळी इंग्लंडकडून खेळलेले, वगैरे. वर्ष चुकलं होतं. फीबीने संपादकांना लिहिलं की तो एक सामना होता आणि शिकवणं सदतीस वर्षांचं होतं. ते पत्र त्यांनी छापलं नाही.

वही तिने लीड्सच्या बहिऱ्यांच्या प्रार्थनागृहाला देऊन टाकली. तिथे ती एका कपाटात, कुणालाही काढून बघता येईल अशी ठेवलेली असे. काही वर्षांनी फीबी तिकडे गेली तेव्हा तिने ती उघडली. पानापानावर वेगवेगळ्या हातांनी पेन्सिलीने लिहिलेलं होतं. 'अंगठा आत.' 'हे म्हातारी माणसं करतात, आम्ही नाही.' 'हे चूक आहे, मास्तरांना नीट दिसलं नसावं.' 'इथे एक राहिलं,' आणि खाली नवी खूण, नवं चित्र. शेवटची कोरी पानं भरत आली होती. फीबीने पर्समधली पेन्सिल काढली, 'रविवार' या खुणेपाशी आली, स्वतःच्या हाताने दोनदा करून बघितली आणि मास्तरांची एक चूक तिनेही दुरुस्त केली.